रेज करणारी माणसं

मोशीच्या या टॉवरमध्ये मुला-सुनेकडे राहायला आलो त्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात इथल्या एकाही माणसाला मी स्वतःच्या हाताने भरली बादली उचलताना पाहिलेलं नाही. रेज करताना मात्र रोज पाहतो. टाकी भरून वाहू लागली की तक्रारीचं तिकीट रेज करतात. जिन्यात कुत्रं घाण करून गेलं की इश्यू रेज करतात. कुणी गाडी वाकडी लावली तर कन्सर्न रेज, मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर हात रेज, पगारवाढ हवी असेल तर तीही रेज. अकराव्या मजल्यावरचं एक जोडपं लिफ्टमध्ये मला म्हणालं, "दोन मुलं रेज करणं सोपं नाही, काका." दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि पोरं सांभाळणारी मावशी दोन बस बदलून येते. रेज नेमकं कोण करतं, हे मी विचारलं नाही.

आमची ही राजगुरुनगरकडच्या खेड्यातली. तिने एकदा मला विचारलं, "आवो, ह्ये रेज म्हंजी काय आसतं?" मला तरी कुठे नीट माहीत होतं? मी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं. तो आमच्या वरच्याच, नवव्या मजल्यावर राहतो. चाळिशीचा, हुशार, चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. कानात कायम काहीतरी खोचलेलं, त्यामुळे तो माझ्याशी बोलतोय की हवेशी हे पहिल्या वाक्यात कधीच कळत नाही.

"रेज म्हणजे वर न्यायचं, काका."

"कुठे वर?"

"वरच्या लेव्हलला."

"मग वरचा काय करतो?"

"तो क्लोज करतो."

मी घरी येऊन हिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी वर न्यायचं आन् बंद करायचं. मधी काम कोन करतं?" या टॉवरबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

माझा राग समजण्यासाठी माझा धंदा सांगितला पाहिजे. मी चौतीस वर्षं उचलण्याचंच काम केलं. आधी भोसरीत, मग चाकणला. कंपनीच्या कागदावर रिगर, शॉपमध्ये सगळे म्हणायचे खलाशी. वरून क्रेन फिरते, खाली डाय असते, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, कधी चार टनांची, कधी बाराची. तिला पट्टे आणि वायर रोप बांधायचे, तोल बघायचा आणि क्रेनवाल्याला इशारा द्यायचा, हे माझं काम. ज्याच्या हाताखाली शिकलो तो उस्ताद रत्नागिरीकडचा मुसलमान होता, तरुणपणी गोदीत काम केलेला. त्याच्याकडून आम्ही गोदीतले शब्दही उचलले. वर घ्यायचं तर हाबीस, खाली सोडायचं तर आरया. शॉपमध्ये लातूरचा असो, बिहारचा असो की कोकणातला, हे दोन शब्द सगळ्यांना कळायचे.

आणि आपल्या भाषेत उचलण्याला शब्द कमी आहेत का? पोतं उचलतात, पण घागर डोक्यावर चढवतात. पाणी शेंदतात, गाळ उपसतात. झोपलेल्याला उठवतात, पडलेल्याला सावरतात. गुढी उभारतात. पोर वाढवतात. भार पेलतात, आणि पेलवला नाही तर तसं सांगतातही. प्रत्येक शब्दात अंगाचा कुठला भाग दुखणार आहे ते आधीच कळतं. शेंदताना खांदे भरून येतात, उपसताना कंबर मोडते. या लोकांनी ते सगळे शब्द टाकून एकच ठेवला, ज्यात काहीच दुखत नाही. आमच्या टॉवरमध्ये रोज उचललं जातं ते एकच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

उस्तादाचे दोन नियम होते. पहिला असा की कुठलाही लोड आधी वीतभर उचलायचा आणि थांबायचं. बघायचं. पट्टा सरकतो का, एका बाजूला कलतो का, काही करकरतं का. सगळं ठीक असेल तरच पुढे. दुसरा नियम, बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या लोडला हात लावायचा नाही. ज्याचा लोड, त्याचाच हुकूम. दोघांनी हुकूम दिले तर लोड दोघांच्याही पायावर पडतो. ही अक्कल त्याला डाव्या पायाची दोन बोटं देऊन आली होती. म्हणून आम्ही दुसऱ्या टोळीचं काम कितीही चुकीचं चाललेलं दिसलं तरी बाजूला उभे राहायचो, आणि "यार, जरा बघ," म्हणून त्यांनी हाक मारली की मगच पुढे व्हायचो.

इथे आलो आणि पहिल्याच वर्षी मी हा नियम मोडला. गच्चीवरची टाकी तीन आठवडे वाहत होती. तिकीट रेज झालेलं होतं, त्याचा नंबरही होता. मी वर गेलो, पान्याने कॉकचा फ्लोट सरळ केला आणि दहा मिनिटांत खाली आलो. संध्याकाळी ग्रुपवर दोन मेसेज आले. एकात प्लंबिंग टीमचे आभार मानून तिकीट क्लोज केलेलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की कुणीतरी परवानगीशिवाय टेरेसवर गेलं होतं, कृपया असं करू नये. ही वाचून हसली. मीही हसलो, पण माझं हसू जरा कडवट होतं.

दुसऱ्यांदा मोडला तेव्हा हसायला काही उरलं नाही. खाली लॉबीत कुणाचं तरी सामान आलं होतं. दोन माणसं काचेचं जड कपाट उताणं करून उचलायला निघाली होती, पाठ वाकवून, गुडघे ताठ ठेवून. मी ओरडलो, "थांबा!" आणि एकाचा हात धरून बाजूला केला. तेवढ्यात सेक्रेटरी लिफ्टमधून बाहेर आला. दहाबारा लोक उभे होते, त्यात आमची सूनही होती. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, प्लीज. ही एजन्सीची माणसं आहेत, ट्रेन्ड आहेत. काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर येईल. यापुढे तुम्ही मध्ये पडू नका." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांकडे बघत म्हणाला, "रिटायरमेंटनंतर होतं असं थोडं."

लोक हसले. सूनही हसली, म्हणजे तिला हसावं लागलं. मी जिन्याने आठ मजले चढून घरी गेलो. चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली एकाही माणसाचं नखसुद्धा गेलं नव्हतं, आणि आयुष्यात कधी सिलिंडर न उचललेला हा माणूस मला जड वस्तू कशी उचलायची ते शिकवत होता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, उस्तादाचा दुसरा नियम आता मोडायचा नाही. हाक मारतील तेव्हाच जाऊ. मरा म्हणावं.

सेक्रेटरीची आई मात्र निराळी होती. लातूरकडची, ऐंशीच्या घरातली. लेकाने हट्टाने शहरात आणलेली, आणि नवव्या मजल्यावरून खालची माणसं मुंगीएवढी दिसतात याचं तिला कायम नवल वाटायचं. ती रोज दुपारी आमच्याकडे यायची. आमच्या हिच्याबरोबर शेंगा सोलत बसायची आणि मला 'भाऊ' म्हणायची. माझ्या कामाबद्दल या टॉवरमध्ये फक्त तिनेच कधी विचारलं होतं. बारा टनांची डाय एका माणसाच्या इशाऱ्यावर कशी उठते, हे मी तिला ताटली आणि सुतळी घेऊन दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "मंजी तुमी नुसतं बोट हालवायचा, आन् त्ये उठायचं. देवच की वो." मी किती दिवस त्या वाक्यावर खूश होतो ते सांगायला लाज वाटते.

तो गुरुवार होता. इकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि वीजवाले त्याच दिवशी दुरुस्तीची कामं काढतात. सकाळी पावणेनऊला वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही, कारण त्याची बॅटरी उतरलेली होती, आणि ती उतरली आहे असं तिकीट पंधरा दिवसांपूर्वी रेज झालेलं होतं. दोन्ही लिफ्ट बंद. दहा मिनिटांनी वरून आरडाओरडा ऐकू आला. ही धावत वर गेली, मागोमाग मी गेलो.

म्हातारी सोफ्यावर बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. शुद्धीवर होती, डोळे उघडे होते. तिची सून तिला धरून बसली होती. सेक्रेटरी गॅलरीत फोनवर लिफ्ट कंपनीशी भांडत होता, "मी हे हायेस्ट लेव्हलला रेज करीन!" शेजारचे चार पुरुष हॉलमध्ये उभे होते, चौघांच्या हातात फोन. एक म्हणाला वीज दहाला येईल. एक म्हणाला ग्रुपवर टाकलंय. एकाने तर टाकलेलं दुसऱ्याला दाखवलं. त्या सुनेने बोलावलेली अँब्युलन्स पाचच मिनिटांत खाली आली. तिच्यातला माणूस जिना चढून वर आला आणि म्हणाला, "स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. खुर्चीत बसवून आणावं लागेल, चारपाच माणसं बघा." एवढं बोलून तो पुन्हा खाली गेला, गाडी गेटच्या तोंडाशी घ्यायला.

मी दाराला टेकून उभा होतो. खोटं कशाला सांगू, पहिल्या मिनिटातच सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्यायची, प्लास्टिकची नको, ती पाय फाकवते. लुगड्याने दोन ठिकाणी बांधायचं, छातीशी आणि मांडीवर. दोघं मागे, दोघं पुढे, एक जण खालच्या पायरीवर, खुर्चीकडे तोंड करून उलटा उतरणारा. दर मजल्याला विसावा. कुठला माणूस कुठे लावायचा तेही मी उंची बघून ठरवलं होतं. फक्त मला कुणी हाक मारली नव्हती.

समोरच्या भिंतीवर सेलचं घड्याळ होतं. नऊ वाजून पाच. मी सेक्रेटरीकडे बघत होतो. फोन आपटताना, पुन्हा लावताना, घाम पुसताना. मनात म्हणत होतो, बोल की आता. आता का बोलत नाहीस? एजन्सी बोलाव ना. ट्रेन्ड माणसं बोलाव. नऊ दहा. एकाने म्हातारीला काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला, ती कण्हली, त्याने सोडून दिलं. अगदी चुकीचं धरलं होतं त्याने. मला ते दिसलं आणि मी गप्प राहिलो. ज्याचा लोड, त्याचा हुकूम, असं मी स्वतःला सांगत होतो. उस्तादाने तो नियम माणसांचे पाय वाचावेत म्हणून केला होता. मी त्याच्या आडून माझा लॉबीतला अपमान कुरवाळत होतो.

ही माझ्याकडे बघून एकदा हळू म्हणाली, "आवो." मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती बायकोची हाक होती. मला त्याची हवी होती.

नऊ बावीसला तो आत आला. फोनची बॅटरी संपली असावी, किंवा माणूसच संपला असावा. लहान पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही हेच काम करत होता ना? सांगा ना काय करायचं. माझी आई आहे हो."

आणि मला बरं वाटलं. त्याची आई समोर लुळी पडली होती आणि मला आतून गार, गोड, बरं वाटलं. मी त्या टॉवरमधल्या पुष्कळ माणसांचा तिरस्कार केला आहे, पण त्या क्षणी दाराला टेकून उभा असलेला जो माणूस होता, त्याच्याइतका हलकट त्यांच्यात एकही नाही.

पुढचं सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. मी खुर्ची आणवली, लुगडी मागितली, हिने आणि मी मिळून बांधलं. चौघांचे फोन सोफ्यावर ठेवायला लावले. "माझ्याशिवाय कुणी बोलायचं नाही," म्हटलं. "वीतभर उचला. थांबा." थांबले. मी खाली वाकून बघितलं. पट्टे ठीक, तोल ठीक. "चला." नऊ मजले. हाफ पँटीतली ती माणसं, ज्यांना मी चार वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, एकही शब्द न बोलता, घामाने निथळत, पायरी पायरी मोजत उतरली. पुढून खालच्या बाजूला सेक्रेटरी होता, सगळ्यात जास्त वजन त्याच्यावर येत होतं. त्याचे दंड थरथरत होते. पाचव्या मजल्यावर मी म्हटलं, "माणूस बदलू." तो म्हणाला, "नको, काका. मी पेलतो." मला आयुष्यात इतक्या चांगल्या पाच कामकऱ्यांची टोळी क्वचित मिळाली असेल. जिना उतरायला आम्हाला अकरा मिनिटं लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मग इंजेक्शन दिलं. नंतर मी एकटा त्यांना गाठलं आणि विचारलं की पंधरावीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "यात मिनिटांना किंमत असते, पण नेमका किती फरक पडला असता ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही आणलंत हेच खूप." म्हातारी वाचली. बोलणं हळूहळू परत आलं, जड, तुटक. उजवा हात आला नाही.

मी वाट बघत होतो की कुणीतरी विचारेल. कुणीही विचारलं नाही. त्यांना दोष द्यायला लिफ्ट होती, वीज होती, जनरेटरची बॅटरी होती. माझ्या वाट्याला फक्त कौतुक आलं. गेटवर फ्लेक्स लागला. आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, गॉगलवाले, हात जोडलेले. मी आयुष्यभर त्यांना नावं ठेवली. आता त्यांच्यासारखाच माझा फोटो, वर लिहिलेलं 'आमचा अभिमान'. क्लब हाउसमध्ये कार्यक्रम झाला. सेक्रेटरीने भाषण केलं, त्यात मी सगळ्यांसाठी बार रेज केला असं तो म्हणाला. मला शाल दिली, नारळ दिला. मी घेतला. नाही म्हणायची ती वेळ होती आणि मी वाकून नमस्कार केला. ही कार्यक्रमाला आलीच नाही. घरी आलो तर भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "घड्याळ मलाबी दिसत व्हतं."

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, सगळं पूर्वीसारखं. पण वरच्या मजल्यावर जाताना मला बरोबर चला म्हणायची नाही. एक दिवस मीच निघालो. म्हातारी गॅलरीजवळ खुर्चीत बसली होती. तिची सून आत कामात होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते जिन्यातच ठरवलं होतं. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी उशीर केला. मला सगळं येत होतं, तरी उभा राहिलो."

तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "म्या तुमच्याकडंच बघत व्हते, भाऊ. तुमी माझ्या लेकाकडं बघत व्हता."